शस्त्रक्रिया आणि बालकाचा आहार

शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. प्रखर दिवे, हिरवी वस्त्रे, तोंडावर पट्टी बांधलेले डॉक्टर, आणि बंद दाराबाहेर बाकावर बसलेले आईवडील. या चित्रात वाटी आणि चमचा कोणालाच दिसत नाही. मलाही तो दिसत नव्हता. गतवर्षी आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीने तो मला दाखविला, आणि त्यातूनच हा लेख उभा राहिला.

ती आठवीत होती. पावसाळ्याच्या दिवसांत ती वरचेवर गैरहजर राहू लागली. आली तरी दुसऱ्या तासाला येई, आणि शेवटच्या बाकावर पेंगत असे. एके दिवशी मी तिला वर्गासमोर उभी करून बरेच बोलले. तिने मान वर केली नाही. तास संपल्यावर मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, डॉक्टरांनी आमच्या बाबूला परत पाठवला. वजन भरत नाही म्हणतात. आई कामाला जाते, तेव्हा त्याला दूध मी पाजते.”

बाबू म्हणजे तिचा साडेतीन महिन्यांचा भाऊ. त्याचा वरचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेली होती. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला मोठ्या आशेने रुग्णालयात नेले होते. तेथे त्याचे वजन ३ किलो ६०० ग्रॅम भरले, रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिनही कमी निघाले, आणि “बाळाला आधी पोसा, मग आणा” असे सांगून त्यांची पाठवणी झाली. घरच्यांचा समज असा झाला, की गरिबाला असेच हेलपाटे घालावे लागतात. खरे सांगायचे तर माझाही समज तोच झाला. मी कलाशाखेची पदवीधर; वैद्यकाचे मला ज्ञान नाही. तथापि मनात आलेला राग खरा की खोटा हे पाहावे, म्हणून मी जाणत्यांना विचारू लागले, वाचू लागले. तेव्हा कळले, की त्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नाकारली नव्हती. तिचा पहिला भाग त्यांनी त्या घरावर सोपविला होता.

शरीर स्वतःलाच कसे खाते?

मनुष्याच्या शरीरावर घाव बसला, मग तो अपघाताचा असो वा शल्यचिकित्सकाच्या सुरीचा, शरीर त्याला एकाच रीतीने उत्तर देते. ग्लासगो येथील डेव्हिड कथबर्टसन या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांच्या मूत्रातून नत्राचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असल्याचे त्याला आढळले. नत्र हा प्रथिनांचा घटक. याचा अर्थ असा, की घाव भरून काढण्यासाठी शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरीत होते. ऐन पावसात सरपण संपल्यावर एखाद्या घराने छपराचे वासे उपसून चुलीत घालावेत, तसाच हा प्रकार होय. चूल पेटते खरी, पण घर मोडकळीस येते.

धडधाकट प्रौढ माणसाच्या घरात सरपणाचा साठा बराच असतो. बालकाची गोष्ट निराळी. एक तर त्याचा साठाच तुटपुंजा. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला काहीच पोषण मिळाले नाही, तर त्याच्या अंगातील शिल्लक जेमतेम चार-पाच दिवस पुरते. दुसरे असे, की त्याची गरज मोठी. प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ३० उष्मांक पुरतात; तान्ह्या बाळाला सुमारे १०० लागतात, कारण त्याला केवळ जगावयाचे नसते, वाढावयाचेही असते. त्याचा मेंदू, हाडे, स्नायू, सारे बांधकाम चालू असते. अशा अर्धवट बांधलेल्या घरात शस्त्रक्रियेचा खर्च येऊन पडला, आणि कोठार आधीच रिकामे असले, तर काय होईल हे सांगावयास नकोच.

एक जुना पुरावा, एक धाडसी प्रयोग

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील हायरम स्टडली या शल्यचिकित्सकाने १९३६ साली जठराच्या व्रणावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी सुमारे ३३ टक्के दगावले होते. ज्यांचे वजन तितके घटले नव्हते, त्यांच्यात हेच प्रमाण सुमारे साडेतीन टक्के होते. रोग एकच, शस्त्रक्रियाही त्याच जातीची. अंतर होते ते शरीरात उरलेल्या शिदोरीचे. हे रुग्ण प्रौढ होते. लहान मुलांना ही गोष्ट अधिकच कठोरपणे लागू पडते.

दुसरे उदाहरण बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण शल्यचिकित्सकाचे. ‘क’ जीवनसत्त्वावाचून जखम भरते की नाही, हे पाहण्यासाठी त्याने स्वतःवरच प्रयोग केला. सुमारे सहा महिने तो हे जीवनसत्त्व मुळीच नसलेल्या आहारावर राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवर मुद्दाम एक छेद घेतला, तो नीट भरून आला. सहाव्या महिन्यात घेतलेला छेद मात्र वरून मिटला तरी आतून जुळेचना. मग ‘क’ जीवनसत्त्व देताच तो भरू लागला. ही हकीकत १९४० साली प्रसिद्ध झाली.

क्रँडनच्या पाठीने जे सिद्ध केले ते असे. टाका हा जखमेच्या दोन कडा जवळ आणून धरतो, इतकेच. त्या जोडण्याचे काम शरीराचेच. त्यासाठी कोलॅजेन नावाचे प्रथिन विणले जावे लागते, आणि ते विणताना ‘क’ जीवनसत्त्व लागते. नव्या पेशी तयार होण्यास जस्त लागते. प्राणवायू जखमेपर्यंत पोहोचविण्यास हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिनसाठी लोह लागते. जंतूंशी लढणाऱ्या पेशीही प्रथिनांवाचून दुबळ्या पडतात. म्हणून कुपोषित बालकाची जखम उशिरा भरते, टाके उसवतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि रुग्णालयातील मुक्काम लांबतो. शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला, तरी ही उणीव त्याला सुईदोऱ्याने भरून काढता येत नाही.

कुपोषण ओळखावे कसे?

आपल्या देशात हा प्रश्न थोड्यांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि १९.३ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश होती. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. शस्त्रक्रियेसाठी येणारी मुले याच मुलांतून येतात.

नुसत्या डोळ्यांवर मात्र विसंबू नये. सिसिली विल्यम्स या महिला डॉक्टरने पूर्वीच्या गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात काम करीत असताना ‘क्वाशिऑरकर’ या रोगाचे वर्णन केले. १९३५ साली हे नाव तिने जगापुढे आणले. ते तेथील गा भाषेतील असून, नवे भावंड आल्यामुळे आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय आहे. या रोगात अंगावर सूज येते, गाल फुगीर दिसतात. अडाणी नजरेला मूल बाळसेदार वाटते, आणि वजनकाटाही फसतो. म्हणून डॉक्टर वजनाबरोबर उंची मोजतात, पायावर बोट दाबून खळगा राहतो का हे पाहतात, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर फितीने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर कुपोषण तीव्र समजावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. अंगणवाडीत हीच फीत असते. तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे असतात. ती वाचण्यास पदवी लागत नाही.

दूध नाकातून का येते?

आता बाबूकडे वळू. दुभंगलेल्या ओठाविषयी आपल्याकडे एक समज घट्ट रुजला आहे. गरोदर स्त्रीने ग्रहणात काही चिरले, की बाळाचा ओठ फाटतो, असे म्हणतात. बाबूच्या आईलाही शेजारणींनी तेच ऐकविले होते, आणि ती मनातून खचली होती. वस्तुतः गर्भाच्या चेहऱ्याचे दोन बाजूंचे भाग पहिल्या तीन महिन्यांतच एकमेकांना जुळतात. ते जुळायचे राहिले की हे व्यंग उरते. यामागे आनुवंशिकता असते, इतरही काही कारणे असतात; चंद्रसूर्यांचा अथवा विळीचा यात काडीचाही संबंध नाही. आईचा तर नाहीच नाही.

बाळ दूध ओढते, तेव्हा ते तोंडात पोकळी निर्माण करते. टाळू हे त्या पोकळीचे छप्पर. छपरालाच भेग असेल, तर ओढ निर्माण होत नाही. बाळ धडपडते, दमते, दूध नाकावाटे बाहेर येते, ठसका लागतो, आणि पोट भरण्याआधीच ते झोपी जाते. घरच्यांना वाटते, बाळ प्याले. काटा मात्र जागचा हलत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. रुग्णालयातील परिचारिकेने तो त्या मायलेकींना शिकविला. आईचे दूध स्वच्छ हातांनी वाटीत काढावे. वाटी-चमचा उकळून घ्यावा. बाळाला आडवे न ठेवता जवळजवळ बसते धरावे, म्हणजे दूध नाकात चढत नाही. चमचा खालच्या ओठाला टेकवून थोडे थोडे दूध सोडावे, आणि गिळण्यास वेळ द्यावा. अशा बाळाच्या पोटात हवा फार जाते. म्हणून मधून मधून खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. एका वेळचे पाजणे साधारण अर्ध्या तासात आटोपावे, कारण त्याहून लांबले तर बाळ मिळविते त्यापेक्षा अधिक शक्ती खर्च करून बसते. हे दिवसातून आठ वेळा, आणि रात्रीही. वर्गात ती मुलगी का पेंगत होती, ते मला त्या दिवशी उमगले.

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांमध्ये ‘दहाचा नियम’ प्रसिद्ध आहे. बाळ दहा आठवड्यांचे असावे, वजन दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो असावे, आणि दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे. आज भूलशास्त्र पुढे गेल्यामुळे हा नियम सर्वत्र ताठरपणे पाळत नाहीत. तरी त्यामागचे तत्त्व ढळलेले नाही. जो थांबू शकतो, त्याने शिदोरी बांधूनच प्रवासास निघावे.

मात्र प्रत्येक शस्त्रक्रिया थांबू शकत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आतड्याला पीळ पडला, तर वजन वाढण्याची वाट पाहणे म्हणजे मृत्यूची वाट पाहणे होय. जन्मतः हृदयात दोष असलेले बाळ दूध पिताना घामाघूम होते, दमते, आणि त्या दोषामुळेच त्याचे वजन वाढत नाही. तेथे कधीकधी शस्त्रक्रिया हाच कुपोषणावरचा उपाय ठरतो. केव्हा थांबावे आणि केव्हा थांबू नये, हा निर्णय डॉक्टरांचा.

घाई नको

मूल कुपोषित आहे असे कळताच त्याला भराभर खाऊ घालावे, असे कोणासही वाटेल. तेही घातक ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटका झालेल्या उपाशी कैद्यांपैकी काहीजण पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले. उपाशी शरीराला एकाएकी अन्न मिळाले, की रक्तातील स्फुरद आणि इतर क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात, आणि हृदयाची चाल बिघडते. म्हणून तीव्र कुपोषित बालकाला रुग्णालयात प्रथम सौम्य दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी देतात. त्यात दर १०० मिलिलिटरला ७५ उष्मांक असतात. प्रकृती स्थिरावली, की मगच १०० उष्मांकांचे दूध सुरू करतात. विझत आलेल्या निखाऱ्यावर एकदम ओंडका ठेवीत नाहीत, आधी काडी ठेवतात, तसेच हे.

उपास किती, आणि कशासाठी?

शस्त्रक्रियेच्या आधी पोट रिकामे असावे लागते. भूल दिल्यावर जठरातील अन्न उलटून श्वासनलिकेत शिरले, तर प्राणावर बेतते. पण याचा अर्थ मुलाला आदल्या संध्याकाळपासून कोरडे ठेवावे असा नाही. सर्वसाधारण दंडक असा आहे: हलके अन्न अथवा वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, आणि साधे पाणी दोन तास आधी. विनाकारण लांबलेल्या उपासाने लहान मुलाच्या रक्तातील साखर उतरते, ते चिडचिडे होते, सुकून जाते. म्हणून आपल्या मुलासाठी नेमकी वेळ कोणती, हे भूलतज्ज्ञांना विचारून कागदावर लिहून घ्यावे आणि काटेकोरपणे पाळावे. रडते म्हणून दया येऊन गुपचूप बिस्किट देणारी आजी प्रेमापोटीच देते, पण तो घास जिवावर येऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी देताच अन्न सुरू करावे. तोंडाने जमत नसेल तर नाकातून जठरापर्यंत बारीक नळी घालून देतात. आणि आतडेच काम करीत नसेल, तर शिरेवाटे. हा शेवटचा मार्ग कसा उघडला, ती कथा ऐकण्यासारखी आहे. फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात बीगल जातीची कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेवाटे पोषण देऊन वाढवून दाखविली. त्यानंतर १९६७ साली जवळजवळ सारे लहान आतडे निकामी असलेली एक नवजात बालिका त्यांच्याकडे आली. मानेजवळून मोठ्या शिरेत नळी घालून तिला सर्व पोषण दिले गेले, आणि तिचे वजन वाढले, डोक्याचा घेरही वाढला. सुमारे २२ महिन्यांनंतर ती गेली. परंतु तिने उघडलेल्या वाटेने त्यानंतर असंख्य बालके जगली आहेत. तथापि ही वाट खर्चाची व जंतुसंसर्गाच्या धोक्याची आहे. म्हणून आतडे चालत असेल तोवर तेच वापरावे, हा आजचाही नियम आहे.

पथ्याच्या नावाखाली

‘लंघन हे परम औषध’ अशी आपली जुनी श्रद्धा. ती एखाद्या अजीर्णाला लागू असेल. टाके घातलेल्या मुलाला नव्हे. डाळीने पू होतो, अंडी-मासळी उष्ण पडते, आंबटाने जखम चिघळते, असे म्हणत आपण मुलाला आठ-आठ दिवस नुसत्या पेजेवर ठेवतो. पेज पचायला हलकी खरी, पण तिच्यात प्रथिने कितीशी असणार? ज्या आंबटाला आपण भितो, त्या आवळ्या-लिंबातच क्रँडनची जखम भरणारे ‘क’ जीवनसत्त्व आहे! डॉक्टरांनी एखादा पदार्थ वर्ज्य सांगितला असेल तर तो अवश्य टाळावा. एरवी सहा महिन्यांवरील मुलासाठी त्याच पेजेत मुगाची डाळ शिजवावी, वर चमचाभर तूप अथवा खोबरेल घालावे, अंडे अथवा काटे काढलेली मासळी कुस्करून द्यावी. नाचणीचे सत्त्व, ज्याला आमच्या घरी आम्ही तिजण म्हणतो, दूध घालून द्यावे. केळे तर दारीच असते. सकस अन्न म्हणजे महाग डबा, हाही एक भ्रमच होय.

सरकारी साहाय्यही हाताशी आहे. एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या १९७५ पासून चालू आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी होते, आणि दुभंगलेला ओठ, हृदयदोष, वाकडे पाऊल यांसारख्या व्यंगांवर मोफत उपचारांची सोय होते. शाळेत तपासणीचे पथक येते, त्या दिवशी तास बुडतो म्हणून कुरकुरणाऱ्या शिक्षकांत मीही होते. आता नाही.

विद्यार्थिमित्रहो, बाबूचे पुढे काय झाले, ते सांगून लेख संपविते. दिवाळीच्या सुटीनंतर ती मुलगी आपली गणिताची वही घेऊन माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर तिने एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर वजन. अंगणवाडीच्या काट्यावर दर सोमवारी घेतलेला एकेक बिंदू तिने पेन्सिलीने जोडला होता. एका ठिकाणी रेघ खाली वळली होती. “तेव्हा त्याला ताप आला होता, बाई,” ती म्हणाली. शेवटचा बिंदू ४ किलो ८०० ग्रॅमवर होता, आणि त्याच्याभोवती लाल शाईचे वर्तुळ होते. लोहाच्या औषधाने रक्तही दहाच्या वर गेले होते. त्याच आठवड्यात बाबूच्या ओठाची शस्त्रक्रिया झाली, आणि जखम एकही टाका न उसवता भरली. टाळूची शस्त्रक्रिया अद्याप व्हावयाची आहे. तिच्यासाठी वहीचे नवे पान तिने आखून ठेवले आहे.

त्या सहामाहीत तिचे गुण घसरले होते. मी तिला वर्गासमोर उभी करून बोलले होते; तेव्हा त्याच वर्गासमोर तिला बोलावून तो आलेख मी फळ्यावर काढावयास सांगितला.